प्रार्थनास्थळांची वीज: आधी सगळ्यांची बारा-बारा बिलं एका टेबलावर

धर्म आणि पर्यावरण या विषयावर जाहीरनाम्यांना तोटा नाही. १९८६ साली इटलीतल्या असिसीत पाच धर्मांच्या प्रतिनिधींनी निसर्गरक्षणाची निवेदनं वाचली. २०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं परिपत्रक आलं, त्याच ऑगस्टमध्ये इस्तंबूलहून हवामानबदलावरचा इस्लामी जाहीरनामा निघाला. हे सगळं हवंच. पण आम्हाला जास्त मोलाचं वाटतं ते १९९८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेलं काम. तिथल्या एपिस्कोपल या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या काही चर्चेसनी एकत्र येऊन अक्षय ऊर्जेची वीज विकत घ्यायला सुरुवात केली. पुढे त्यात इतर धर्म आले आणि त्यातूनच ‘इंटरफेथ पॉवर अँड लाइट’ ही देशव्यापी चळवळ झाली. सुरुवात खरेदीपासून झाली, म्हणून ती टिकली.

आपल्याकडे एका वॉर्डात देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, बुद्धविहार असं पाच-सहा ठिकाणांचं मिळून काम उभं करायचं असेल, तर परिषद नंतर घ्या. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं आणि गॅस सिलिंडरच्या पावत्या आणाव्यात. प्रत्येक ठिकाणाहून दोन माणसं हवीत. एक हिशोब बघणारा, दुसरा ज्याच्याकडे किल्ल्या असतात तो: पुजारी, मुअज्जिन, सेवादार, चर्चचं दार उघडणारा. अध्यक्ष आले नाहीत तरी चालेल. किल्लीवाला नसेल, तर कोणता दिवा किती वाजता लागतो हे कोणालाच सांगता येत नाही.

त्याच बैठकीत एक मर्यादा आखून घ्यावी: विधींना हात लावायचा नाही. नंदादीप, मेणबत्त्या, अग्यारीतला अग्नी, आरती, अजान यांतलं काहीही यादीत येणार नाही. यात सौजन्य आहेच, पण आकडेही हेच सांगतात. २५० वॅटचा अॅम्प्लिफायर दिवसात २० मिनिटं चालला तर ०.१ युनिटसुद्धा जळत नाही. भोंग्याचा प्रश्न आवाजाचा आहे. तो विजेच्या बैठकीत काढला की गट तिथेच फुटतो.

बिलं हातात आली की आधी वर्गवारी बघा. महावितरणच्या दरपत्रकात केवळ उपासनेसाठी वापरल्या जाणाऱ्या जागेला घरगुती दर लागतो, मात्र भाड्याने दिला जाणारा हॉल किंवा बगीचा वाणिज्यिक दरात जातो. दोन्ही एकाच मीटरवर असतील तर हॉलचा मीटर वेगळा करून घ्या. मग टप्पे बघा. घरगुती दरात युनिट जितके वाढतात तितका पुढच्या युनिटचा दर चढतो, आणि बचत होते ती नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून. म्हणून बचतीचे रुपये काढताना सरासरी दर धरू नका, तुमच्या बिलातला सगळ्यात वरचा टप्पा धरा. बऱ्याच ट्रस्टना ‘परवडत नाही’ असं वाटतं ते सरासरी धरल्यामुळे.

पुढची पायरी फुकटची आहे. रात्री कुलूप लावताना मीटरचं वाचन लिहायचं, पहाटे उघडताना पुन्हा लिहायचं. समजा बंद असलेल्या सात तासांत मीटर साडेतीन युनिट पुढे गेला, म्हणजे रिकाम्या वास्तूत ५०० वॅट सतत जळत होते. शोधायला गेलात तर ठरलेले मानकरी सापडतात. पाण्याचा कूलर रात्रभर थर्मोस्टॅटवर चालू-बंद होत कोणासाठी नसलेलं पाणी गार करत असतो. आवारातला मेटल हॅलाइड, म्हणजे जुन्या पद्धतीचा मोठा दिवा, असतो. टाकीचा फ्लोट स्विच अडकल्यामुळे गच्चीवरून पाणी वाहत असतं आणि मोटर चालूच असते. कूलरला ५००-७०० रुपयांचा साधा टायमर लावला की तो प्रश्न मिटतो.

आता पंखे. ‘सगळे पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) करा’ असा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो निम्म्या ठिकाणी चुकीचा असतो. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा ३० चा. २० पंख्यांमागे ९०० वॅट वाचतात. गुरुद्वाऱ्याच्या दिवाण हॉलमध्ये किंवा देवळाच्या सभामंडपात ते रोज सहा तास, वर्षाचे ३०० दिवस चालले, तर १,६२० युनिट वाचतील. युनिटला १० रुपये धरले तर १६,२०० रुपये. पंखा २,८०० चा, एकूण खर्च ५६,०००, म्हणजे साडेतीन वर्षांत वसूल. पण केवळ रविवारच्या मिस्सासाठी आठवड्याला चार तास उघडणाऱ्या चर्चमध्ये तेच २० पंखे वर्षाला १९० युनिटही वाचवत नाहीत. तिथे पंखे सोडा आणि बाहेर या. आवारातला २५० वॅटचा एक मेटल हॅलाइड दिवा चोकसकट सुमारे २७५ वॅट घेतो. रोज ११ तास चालला तर वर्षाला १,१०० युनिट. त्याजागी १०० वॅटचा एलईडी लावला की ७०० युनिट वाचतात. आतल्या २० पंख्यांच्या जवळजवळ चौपट बचत बाहेरच्या एका दिव्यातून!

मशिदीत तिसराच प्रकार दिसतो. फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, माणसं असतात पहिल्या एक-दोन सफांत (ओळींत), पण वायरिंग हॉलच्या लांबीने केलेलं असतं, म्हणून एक बटण दाबलं की पुढून मागेपर्यंतचे पंखे आणि ट्यूब सुरू. त्यामुळे मशिदीत पहिला खर्च वायरिंगवर करावा: प्रत्येक सफेचा वेगळा स्विच, बोर्डावर सफेचा क्रमांक रंगवलेला. वायरमनची एक-दोन दिवसांची मजुरी आणि वायर, एवढंच. जुम्म्याला सगळं लागेल, पण बाकी दिवस चौथा हिस्साही लागत नाही. पाण्याचंही तसंच. साध्या नळातून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी जातं. जाळीदार एरेटर बसवला की ३-४ लिटर, आणि तेवढी मोटर कमी चालते. पैगंबर एक मुद म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू (नमाजाआधी हातपाय धुणं) करत असं हदीसमध्ये आहे. त्यामुळे हे इमामसाहेबांनी सांगितलं तर लगेच पटतं, बाहेरच्या माणसाने सांगायची गरज नाही.

बीएलडीसी पंखे घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. जुना रेग्युलेटर काढून वायर थेट जोडून घ्या. रेग्युलेटरमधून चालवला की पंखा गुणगुणतो, अडखळतो आणि त्याचं सर्किट जातं. दुसरं म्हणजे रिमोट. सार्वजनिक हॉलमधला रिमोट महिन्याभरात हरवतो किंवा एकाच कपाटात बंद होतो. म्हणून भिंतीवरून वेग बदलता येणारंच मॉडेल मागा. मागणीपत्रात लिहा: १२०० मिमी, ३५ वॅटच्या आत, हवा मिनिटाला किमान २१० घनमीटर, पाच तारे. ट्यूबसाठी: २० वॅट, २,००० ल्युमेन किंवा जास्त, पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर, दोन वर्षांची लेखी हमी.

एकत्र येण्याचा फायदा इथे कळतो. सहा ठिकाणांचे मिळून १०० पंखे आणि २०० ट्यूब झाल्या की वितरक दर खाली आणतो आणि बदलून देण्याची जबाबदारीही घेतो. मागणी एकत्र, पण बिल प्रत्येक ट्रस्टच्या नावे वेगळं घ्या. एकाच्या खात्यातून सगळ्यांची खरेदी झाली की लेखापरीक्षणात उत्तरं देता देता नाकी नऊ येतात.

भक्तांच्या देणगीचा प्रश्न सगळीकडे सारखाच. पात्यावर आजोबांचं नाव घातलेला ८० वॅटचा पंखा भेट म्हणून आला की तो नाकारता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे गटाने ठरवलेलं मागणीपत्रच दानपेटीजवळ लावायचं: ‘वस्तू द्यायची असेल तर यातली द्यावी.’ नाव पात्याऐवजी भिंतीवरच्या एका पाटीवर. बहुतेक दाते आनंदाने तयार होतात, त्यांना फक्त काय हवं ते आधी कळायला हवं असतं.

मोजमापासाठी गटाने मिळून तारेभोवती पकडून वीजप्रवाह मोजणारा एक क्लॅम्प मीटर आणि एक प्लगवर लागणारा वॅटमीटर घ्यावा. क्लॅम्प फक्त फेजच्या एका तारेभोवती लावायचा. दोन्ही तारा एकत्र पकडल्या तर आकडा शून्य येतो, आणि ‘हे यंत्र वीजच घेत नाही’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. बाहेरच्या दिव्यांना फोटोसेल (अंधार पडला की दिवा लावणारा सेन्सर) लावत असाल तर त्याच्यावर त्याच दिव्याचा उजेड पडता कामा नये, नाहीतर दिवा रात्रभर लागत-विझत राहतो. त्यापेक्षा सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे वेळ आपोआप बदलणारा टायमर बरा. बेने इस्रायली समाजाच्या सिनेगॉगला तर टायमर खास सोयीचा आहे, कारण शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, काळात स्विचला हात न लावण्याची परंपरा आहे.

स्वयंपाकघराचा हिशोब वेगळा मांडा. शिर्डीत २००९ साली ७३ मोठे सौर आरसे बसवून वाफेवर महाप्रसाद शिजवायची व्यवस्था झाली. ती तेवढ्या मोठ्या पंगतीसाठी योग्य. आरशांना सूर्यामागे फिरवणं, पुसणं आणि पावसाळ्यात बॉयलर तयार ठेवणं यासाठी माणसं लागतात. रोज २००-३०० पानं वाढणाऱ्या लंगर किंवा अन्नछत्राने तो नाद करू नये. त्यांच्यासाठी साधा सौर बंब जास्त कामाचा. भात आणि वरणाला लागणारं १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत तापवायला शेगडीवर सुमारे ६०० ग्रॅम गॅस जातो. ५०० लिटरच्या बंबाचं पाणी वापरलं तर रोज ३ किलो, म्हणजे १९ किलोचा सिलिंडर सहा दिवसांत वाचतो. टाकी आतून स्टेनलेस स्टीलची असावी, नाहीतर आचारी ते पाणी स्वयंपाकाला घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं. बंब स्वयंपाकघराच्या बरोबर वर बसवा. एक इंची पाइपच्या दर मीटरमध्ये अर्धा लिटर पाणी असतं. पाइप ३० मीटर लांब असला तर प्रत्येक वेळी आधी १५ लिटर गार पाणी येतं, आणि वाट बघून कंटाळलेला माणूस शेगडी पेटवतो.

गच्चीवरचं सौर पॅनल हे शेवटचं पाऊल. आधी वापर कमी करा, मग उरलेल्या वापराला पुरेल एवढंच पॅनल घ्या. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि महाराष्ट्रात दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. प्रार्थनास्थळांची खरी अडचण सावलीची. डिसेंबरच्या अखेरीला दुपारी साडेबाराच्या सुमारास १० मीटरच्या मिनाराची, शिखराची किंवा घंटाघराची सावली उत्तरेला ९ मीटर पडते. सकाळी नऊला ती वायव्येकडे २० मीटरच्या पुढे जाते. म्हणून पॅनल उंच भागाच्या दक्षिणेला हवीत. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याच ओळीतल्या सगळ्यांची वीज घटू शकते. दुसरी अडचण कबुतरांची. ती पॅनलखाली घरटी करतात, आणि वाळलेली विष्ठा पावसानेही जात नाही. तिच्याखालचा भाग तापून खराब होतो. चारही बाजूंनी जाळी बसवणं पहिल्या दिवशीच कंत्राटात लिहा. पॅनल धुवायची ती सकाळी लवकर, बोअरच्या जड पाण्याने नव्हे, आणि तापलेल्या काचेवर तर कधीच नाही.

सही करण्यापूर्वी कायदा बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टला कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत तीन वर्षांहून जास्त काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायलाही लागते. ‘आम्ही फुकट पॅनल बसवतो, तुम्ही २५ वर्षं गच्ची द्या’ असा प्रस्ताव घेऊन येणारी कंपनी ही बाब क्वचितच सांगते. वक्फच्या मालमत्तेला वेगळा कायदा आणि वेगळी परवानगी. परवानगीचा कागद हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

काम झालं की वर्षभराने तुलना करायची ती रुपयांत नाही, युनिटांत. दर बदलतात, युनिट खोटं बोलत नाही. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आणि एक किलो गॅसमागे ३ किलो धरा. महिन्याशी महिना मात्र ताडून पाहू नका. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तरावीहमुळे (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजमुळे) रात्रीचा वापर वाढलेला महिनाही त्याच्याबरोबर सरकतो. ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. गणेश चतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती, अधिक ज्येष्ठामुळे २०२६ साली १४ सप्टेंबरला. सण एका बिलातून दुसऱ्या बिलात गेला की एका महिन्यात मोठी बचत आणि दुसऱ्यात मोठी उधळपट्टी दिसते, आणि दोन्ही खोट्या असतात. म्हणून वहीत दर महिन्याला मागच्या सलग १२ महिन्यांची बेरीज लिहा. वहीच्या शेवटच्या रकान्यात त्या महिन्यात नवीन काय जोडलं तेही लिहा: एसी, फ्रीझर, जादा दिवे. पॅनल लागल्यावर ‘आता वीज आपलीच आहे’ म्हणून जे वाढतं, ते याच रकान्यात सापडतं.