लकवा नव्हे, जबडा

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. संध्याकाळी सगळं सोलापूर जत्रेत असतं, त्यामुळे अशोक चौकाजवळच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात शुकशुकाट होता. तेवढ्यात रिक्षा थांबली.

"आईला लकवा मारलाय डॉक्टर," मुलगा दारातूनच ओरडला. "सिव्हिलला न्यावं का काय, कळंना. मेडिकलवाला म्हणला, आधी तुमाला दाखवा."

पन्नाशीच्या बाई, पदर तोंडावर, पदर लाळेनं ओला. बाजूला केला तर तोंड सताड उघडं आणि हनुवटी पुढे आलेली. बोलता येत नव्हतं, डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"अक्का, दोन्ही हात वर करा." केले. "माझी बोटं धरा घट्ट." चांगलीच धरली, विड्या वळणारे हात ते. लकव्यात चेहऱ्याची एक बाजू लोंबते, एका हातातली ताकद जाते. इथे दोन्ही बाजू सारख्या होत्या. कानाच्या पुढे बोट ठेवलं, तर सांध्याचा उंचवटा लागायला हवा तिथे खळगा, तोही दोन्हीकडे. एकच सांधा निखळला असता तर हनुवटी विरुद्ध बाजूला वळली असती.

सून म्हणाली, विड्या वळता वळता मोठी जांभई आली आणि तोंड तसंच राहिलं. मार लागलेला नव्हता. उलटीवरची गोळी घेतली होती का, हेही विचारलं. तसल्या काही औषधांनी जबडा आखडतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. तीही घेतली नव्हती.

तोंड थोडं उघडताना खालच्या जबड्याचं कानापुढचं टोक सांध्यात जागच्या जागी फिरतं. जास्त उघडलं की ते पुढे घसरतं. पुढे हाडाचा एक उंचवटा असतो. टोक तो ओलांडून गेलं आणि चावण्याचे स्नायू आखडले, की परतीची वाट बंद. माणूस घाबरून तोंड मिटायला जातो आणि स्नायू आणखी आवळतात. मुलानं घरी हनुवटी धरून वर ढकलून पाहिली होती. बहुतेक जण तेच करतात, आणि ते नेमकं उलटं आहे.

अक्कांना खुर्चीत खाली बसवलं, डोकं मागे टेकवलं. दोन्ही अंगठ्यांना जाड गॉज गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवले. आधी खाली दाबायचं, मग मागे न्यायचं. जोर लागतो, पण झटका द्यायचा नाही. "खांदे ढिले सोडा अक्का, श्वास सोडा." मिनिटभर काहीच हललं नाही. मग स्नायू दमले, टोक घसरलं आणि दात खाड्कन मिटले. गॉज त्यासाठीच. एडविन स्मिथ पपायरस या जुन्या वैद्यकीय ग्रंथात, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्येही, जबडा जवळपास असाच बसवत!

"अय्यो, देवुडा!" अक्का बोलल्या आणि मुलगा मटकन खाली बसला.

एक्स-रे काढला, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली. मग खरी चौकशी सुरू झाली. उजवा कान कित्येक महिने दुखत होता, थेंब घालून झाले होते. घास चावताना 'टक' वाजायचं. रात्री दात खातात, सून म्हणाली; त्यावर जंताच्या गोळ्या झाल्या होत्या. झोपेत दात खाण्याचा जंताशी संबंध असल्याचा ठोस पुरावा नाही, हे आमच्याकडे कुणालाच पटत नाही. सांधा कानाला इतका चिकटून आहे, की त्याचं दुखणं लोक कानात नाहीतर दाढेत शोधतात. चांगली दाढ काढून मागणारेही येतात.

अक्कांना सांगितलं: काही आठवडे मऊ खायचं, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, कानापुढे गरम शेक द्यायचा, काम करताना दात आवळायचे नाहीत. झोपताना दातांवर लावायला प्लेट करून दिली. कडक भाकरी बंद म्हटल्यावर मात्र चेहरा पडला. आमटीत भिजवून मऊ करून चालेल, यावर तडजोड झाली.

पुढच्या खेपेला कानाचं दुखणं बरंच उतरलं होतं. सोबत शेजारीण आणली होती, तिचाही जबडा वाजतो म्हणून. तपासलं. तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड उघडत होतं, दुखत नव्हतं, अडकत नव्हतं. नुसता आवाज असेल तर काहीच करायचं नाही, असं सांगितलं. "गोळी तरी लिहून द्या," ती म्हणाली. दिली नाही, तर अक्काच माझ्यावर नाराज.