काटोलकडचा एक नाला आणि त्याच्या पाण्याचे मालक

नागपूरहून अमरावती रोडनं बाजारगाव मागं टाकलं, कोंढाळीहून काटोलकडे वळलो आणि एका शिवारात गाडी लावून नाल्याच्या काठाकाठानं पायी खाली निघालो. जाम नदीला मिळणारा एखादा छोटा नाला वरपासून खालपर्यंत बघायचाच होता, आणि फेब्रुवारीत पळस फुललेला असतो, ऊनही सोसवतं.

वर टेकाडावर सगळी बरड. मुरमात धावडा, तेंदू, थोडा सागवान, मोकळ्या जागेत टणटणी माजलेली, तिथंच गावची गुरं चरतात. जरा खाली पऱ्हाटीची (कापसाची) वावरं, आणि काळी माती लागली की संत्र्याच्या बागा सुरू. नाल्यात बेशरम पसरलीय, पात्र कोरडं, पण जिथं शिंदी आणि जांभूळ दाट आहेत तिथं वाळू उकरली की ओल लागते. पाणी कुठं मुरतं ते झाडं बरोबर सांगतात आणि खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबी पहिले काठावरची हीच झाडं उपटतो, हे बघून खरंच जीव तुटतो.

बागेत फुलांचा वास भरून होता. हा आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळा संपतानाचा फुलोरा. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पाणी सोडलं की फुलं येतात, पण त्यानंतर ते झाड अख्खा उन्हाळा पाण्यावरच जगवावं लागतं. मृग बहारवाला, म्हणजे पावसाच्या तोंडी फुलं घेणारा, मे महिन्यात उलट पाणी बंद ठेवतो. म्हणजे कोण कोणता बहार घेतो यावर नाल्याखालचं पाणी एप्रिल-मे मध्ये किती उपसलं जाणार ते ठरतं, आणि वरच्या अंगाला सगळ्यांनीच आंबिया धरला तर खालच्यांच्या विहिरी बसल्याच समजा.

बागेतल्या एका काकाजींना विचारलं, नाला असा कधीपासून? म्हणाले, "पहिले होळीपर्यंत वाहे जी. आता वरतं बोअरच बोअर झाले. पन कोनाला म्हनता? ज्याचं वावर त्याचं पानी."

कायद्यातही जवळजवळ असंच आहे. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणं नाल्याचं पात्र आणि वाहतं पाणी सरकारचं. पण तेच पाणी मुरून वावराखाली गेलं की 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं जमीनमालक ते उपसू शकतो. वर-खाली एकच पाणी आणि मालक दोन! 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला, बोअरला मनाई केली, पण बोअरची गाडी रात्री येऊन सकाळी निघून जाते, खोली मोजणार कोण.

मला जास्त विचार पडला तो गुराख्याचा. त्याचं वावरच नाही, तर जमिनीखालचं पाणी त्याच्या वाट्याला येणार कसं? त्याची गुरं नाल्यातल्या डोहावर, आणि डोह आटला की कोणाच्या तरी हौदावर, तेही मालकानं हो म्हटलं तर. आपल्या विदर्भात मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी आणि सारावसुली मालगुजाराकडे असायची ती पद्धत, 1951 मध्ये गेली, त्यानंतर गावोगावी चराई, सरपण अशा गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद म्हणून निस्तार पत्रक ठेवलं गेलं. त्याच्याच सोबत वाजिब-उल-अर्ज असतो, त्यात ओलिताच्या, वाटेच्या, मासेमारीच्या गावातल्या वहिवाटी नोंदवतात, संहितेच्या कलम 165 खाली. शेजाऱ्याच्या वावरातून पाट न्यायचा असेल तर कलम 49 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, हे काकाजींना माहीत होतं, पण वाजिब-उल-अर्जचं नाव त्यांनीही कधीतरी वडिलांकडून ऐकलेलं.

सातबारा तर सगळेच काढतात. तुमचं गाव इकडचं असेल तर एकदा त्या गावचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागून वाचा, नाल्यावर कोणाकोणाचा हक्क लिहिलाय ते बघा, आणि गुराख्यालाही वाचून दाखवा.