चाळीस फ्रेम्सचा मधला मार्ग

प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवरचे बहुतेक मोठे गेम खेळणाऱ्यासमोर दोनच पर्याय ठेवतात: देखणे चित्र आणि सेकंदाला ३० फ्रेम्स (हालचाल दाखवणारी एकामागून एक येणारी स्थिर चित्रे), किंवा जरा उतरलेले चित्र आणि ६० फ्रेम्स. ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ या २०२१ च्या गेममध्ये इन्सोम्नियॅक या निर्मात्या कंपनीने पुढे अपडेटद्वारे ४० फ्रेम्सचा पर्याय दिला आणि माझ्या मते तोच सर्वांत शहाणपणाचा आहे. ४० हा आकडा ३० च्या जवळचा वाटत असला, तरी हिशेब वेळेचा करायचा असतो: ३० ला प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ६० ला १६.७ आणि ४० ला २५, म्हणजे बरोबर मध्यावर. शिवाय १२० हर्ट्‌झच्या टीव्हीवर पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा (रिफ्रेश) होतो आणि प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश टिकते, त्यामुळे हालचाल अडखळत नाही. ६० हर्ट्‌झच्या टीव्हीवर मात्र हे गणित जुळत नाही (आमच्या घरी अजून तोच असल्याने हा मोड मी मित्राकडेच खेळतो).

पीसीवर फ्रेम्स वाढवायच्या असतील, तर सेटिंग्जमध्ये आधी सावल्या आणि व्हॉल्युमेट्रिक (प्रकाश झिरपताना दिसणारे, खोली असलेले) धुके ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणावे. ग्राफिक्स कार्डची मेमरी पुरत असेल, तर टेक्स्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या बारीक तपशिलाला) हात लावू नये, कारण तिथे फ्रेम्स फारशा वाढत नाहीत आणि भिंतीच्या विटा मात्र लगेच पुसट दिसू लागतात.