मागचं चाक, १२४ किलो आणि सातपुड्याचा दगड

माझ्या डोंगरी सायकलची मागची दुसरी रिम गेली ती कोजागिरीच्या आदल्या दिवशी. वाट ओळखीचीच, डोंगरावरच्या वस्तीतून खालच्या शेतांकडे उतरणारी जुनी गाडवाट, वनखात्याच्या हद्दीबाहेरची. पावसाने वरचा मुरूम वाहून नेला होता आणि खालचा काळा दगड उघडा पडला होता. गाविलगडच्या रांगेतला हा बेसाल्ट नदीतल्या गोट्यासारखा गोल नसतो, फुटलेल्या कडांचा असतो. मागचं चाक अशाच एका कडेवर उतरलं, आतून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि थोडं पुढे गेल्यावर पाहिलं तर फ्रेमवर सीलंटचे, म्हणजे ट्यूबलेस टायरमधल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाचे, पांढरे शिंतोडे. रिमची कड अंगठ्याएवढी आत वळली होती.

सात महिन्यांत मागची ही दुसरी रिम. पुढची मात्र पहिल्या दिवसापासून तीच आहे, तिला साधा पोचाही नाही. या गोष्टीचा मी आधीच विचार करायला हवा होता.

पहिल्यांदा वजनं नीट मांडली. संत्र्याचे क्रेट मोजायच्या आमच्या काट्यावर मी १०४ किलो. सायकल १६. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पाण्याची पिशवी आणि पाने मिळून ४. एकूण १२४. चाकाची जी कमाल वजनमर्यादा निर्माते देतात ती सहसा या सगळ्या ओझ्याची असते, नुसत्या स्वाराची नाही. मी पहिल्या खेपेला फक्त स्वतःचं वजन धरलं होतं. त्याशिवाय वापराचे १ ते ५ असे वर्ग असतात. ५वा वर्ग डाउनहिलचा, म्हणजे उंच उड्या आणि वेगाने दगडांवर उतरणं. जड माणसाने मर्यादेच्या अगदी टोकाला राहण्यापेक्षा एक वर्ग वर जावं, असं आता माझं पक्कं मत झालं आहे.

माझ्या आधीच्या दोन्ही रिम मी ग्रॅम पाहून घेतल्या होत्या. दोन्ही पाचशे ग्रॅमच्या आतल्या, दोन्ही २८ स्पोकच्या. त्यामागे कारणही होतं. आपल्याकडे वर न्यायला रोपवे नाही की लिफ्ट नाही. परतवाडा साधारण ३७० मीटरवर आणि चिखलदरा १,११८ मीटरवर, म्हणजे जवळजवळ साडेसातशे मीटर आपल्याच पायांनी चढायचे आणि मग उतारावर मजा करायची. त्या चढावर प्रत्येक ग्रॅम बोचतो असं वाटायचं.

मग एका संध्याकाळी वही काढून हिशेब केला. मजबूत रिममुळे मागच्या चाकात १५० ग्रॅम वाढले असं धरू. १२४ किलोत ते ०.१२ टक्के. एका तासाच्या सलग चढात जेमतेम चार-पाच सेकंद. वेग घेताना रिमवरचा ग्रॅम जवळपास दुप्पट मोजला जातो, कारण तो पुढेही जातो आणि फिरतोही. तरीही पाव टक्का होत नाही. ६० किलोच्या पोराला हेच १५० ग्रॅम जास्त जाणवतील. म्हणजे आपण जितके जड, तितकी हलक्या रिमची कमाई कमी आणि तिचा धोका जास्त. सस्पेन्शनच्या बाबतीत मात्र चाकाचं वजन खरंच मोजावं लागतं. चाक हलकं असलं तर ते दगडामागून दगड नीट टिपत जातं. म्हणून आंधळेपणाने सगळ्यात जड रिमही घ्यायची नाही.

वाकलेलं चाक घेऊन परतवाड्याच्या काकांकडे गेलो. काळ्या सायकलींच्या चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्यांचा सगळा जन्म गेला आहे. त्यांनी चाक स्टँडवर चढवलं, फिरवलं, आणि रिमकडे न बघता चाबीने एकेक स्पोक वाजवत गेले. डावीकडचे पाच-सहा स्पोक नुसते ‘थप’ वाजले.

“भाऊ, नुसत्या रिमले कायले दोष देता? ह्या तारा पाहा, वाजूनच नाही रायल्या. रिम एकटीच मार खाऊन रायली.”

मी म्हटलं, “पण काका, कड तर दगडाने वाकली.”

“कड दगडानं वाकली. चाक आउट झालं ते तारांनी. दोन रोग हायेत, औषध एकच कसं चालीन?”

हे वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. कडेला पोचा पडतो तो टायर पातळ असल्याने, हवा कमी असल्याने किंवा रिमची भिंत कमकुवत असल्याने. त्यावर स्पोक काही करू शकत नाहीत. चाक डुगडुगतं, आउट होतं, स्पोक तुटतात, त्याचं मूळ ताणात असतं. मी दोन्हींचं खापर रिमच्या वजनावर फोडत होतो.

ताणाचं गणित मला उमगलं ते बैलगाडीच्या चाकामुळे. लहानपणी गावात धाव चढवताना पाहिलं आहे. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, फुगलेली धाव लाकडी चाकावर ठोकून बसवतात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि आरे आत दाबून धरते. त्या चाकाचा जीव दाबात असतो. सायकलच्या चाकाचा जीव ताणात. बारीक तार दाब सोसत नाही, वाकते, म्हणून तिला आधीच ओढून ठेवायचं. वजन पडलं की खालच्या काही स्पोकचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा फारसा बदलत नाही, आणि त्या कमी होण्यातूनच ओझं पेललं जातं. खालच्या स्पोकमध्ये थोडा तरी ताण शिल्लक असेपर्यंत तो रिमला धरून असतो. तो शून्यावर गेला की तेवढ्या जागी रिम निराधार होते आणि निपल, म्हणजे स्पोकला रिमशी आवळणारा छोटा नट, फिरून ढिला पडायला मोकळा होतो. १२४ किलो घेऊन दगडावर आदळणाऱ्या चाकाला म्हणूनच सुरुवातीचा ताण भरपूर हवा आणि तो जास्त स्पोकांत वाटलेला हवा.

२८ वरून ३२ वर जायला किती वजन लागतं? २.०-१.८-२.० मिलिमीटरचा बटेड, म्हणजे मधून बारीक केलेला, स्पोक साधारण सहा ग्रॅमचा, पितळी निपल एक ग्रॅमचा. चार स्पोकांचे सगळे मिळून २८ ग्रॅम. पितळेऐवजी ॲल्युमिनियमचे निपल घेतले तर एका चाकात वीस-बावीस ग्रॅम वाचतात, पण चिखल-पाण्यात ते गंजून रिमला चिकटतात आणि चाबी लावली की गोल होतात. आपल्या पावसाळ्यानंतर हे मी भोगलं आहे. पितळच.

स्पोक मधून बारीक का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, कारण जड माणसाला जाड तारच हवी असं मन सांगतं. पण मधला भाग बारीक असला की तोच ताण देताना स्पोक जास्त लांबतो. त्यामुळे रिम क्षणभर आत दबली तरी तो एकदम ढिला पडत नाही, आणि वाकण्याचा भार डोक्यापाशी, जिथे स्पोक तुटतात तिथे, कमी येतो. सरळ जाड स्पोकपेक्षा चांगला बटेड स्पोक जास्त टिकतो, हे आता मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

निवड अशी झाली. दोन्ही चाकं २९ इंची, म्हणजे रिमचा बैठक-व्यास ६२२ मिलिमीटर. मागे डीटी स्विसची ईएक्स ५११, ३२ भोकांची, सहाशे ग्रॅमच्या आसपास. पुढे त्याच कंपनीची हलकी एक्सएम ४८१, तीही ३२ची. दोन्हींची आतली रुंदी ३० मिलिमीटर. माझ्या २.४ आणि २.५ इंची टायरला हीच रुंदी बसते. यापेक्षा फार रुंद रिम घेतली तर टायर चौकोनी होतं आणि रिमची कड दगडाच्या तोंडी जाते. त्यांची एफआर ५६० याहून दणकट आहे, खास डाउनहिलसाठी. जो गाडीतून वर जातो आणि फक्त उतरतो त्याने तीच घ्यावी. मला चढायचंही आहे.

पुढे हलकी आणि मागे मजबूत, या निर्णयावर मी सगळ्यात जास्त समाधानी आहे. उतरताना पुढचं चाक हाताने उचलता येतं, दगड टाळता येतो. मागचं चाक आपल्या मागून आंधळेपणाने येतं आणि चुकलेल्या उडीचा सगळा भार घेतं. दोन्हीकडे एकच रिम लावायची सवय आपण सोडली पाहिजे.

कार्बनचाही विचार केला. त्याला पोचा पडत नाही, पण मर्यादा ओलांडली की तडा जातो, आणि मग इथे बसून नवी येण्याची वाट बघा. ॲल्युमिनियमची वळलेली कड मी शेतात बसून पान्याने सरळ करून घरी आलो आहे.

चाक काकांच्या दुकानात दोन दुपारी बसून बांधलं, तीन क्रॉसमध्ये, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडून जातो. निपलखाली वॉशर बसवले. अमरावतीच्या मित्राकडून टेन्शन मीटर आणला होता. ताणाची कमाल मर्यादा १२०० न्यूटन, म्हणजे साधारण १२० किलो. मागच्या चाकात चेनच्या बाजूचे स्पोक ११५ किलोपर्यंत नेले. डिस्क ब्रेकच्या बाजूचे आपोआपच बरेच कमी राहतात, कारण तिथला कोन मोठा असतो. दोन्ही बाजू सारख्या करायचा हट्ट धरला तर चाक मधोमध राहणार नाही. एकाच बाजूचे स्पोक आपसात सारखे असणं महत्त्वाचं. काकांनी मीटरकडे पाहिलंही नाही. भजनात एकतारी लावावी तसे ते एकेक स्पोक छेडत, कान देत, पाव-पाव फेरा आवळत गेले. नंतर मीटर लावला तर एका बाजूचे सगळे स्पोक एकमेकांच्या पाच टक्क्यांच्या आत. शेवटी जोडीजोडीने स्पोक मुठीत घट्ट आवळले, म्हणजे पीळ सुटतो आणि ते आपापल्या जागी बसतात. मग पुन्हा आउट काढला.

कडेच्या रोगावरचं औषध म्हणजे टायर आणि हवा. मागे आता जाड आवरणाचं डाउनहिल टायर आहे, आधीच्यापेक्षा जवळपास ३०० ग्रॅमने जड. रिमवर १०० ग्रॅम वाचवण्यासाठी मी किती रात्री जागवल्या आणि उणीव होती ती टायरची! हवा मागे ३० पीएसआय, पुढे २५. आपल्याकडच्या लोकांनी एक लक्षात ठेवावं: पहाटे २० अंशाला भरलेले ३० दुपारी ४० अंशाला ३३ होतात. उन्हाळ्यात टायर अचानक उसळायला लागतं ते यामुळे. उन्हात हवा काढून टाकलीत आणि दुसऱ्या पहाटे तसेच निघालात तर पोचा ठरलेला. मी निघताना गेज लावतो, रोज. उन्हाळ्यात सीलंटही लवकर सुकतं, महिन्याभराने तपासून बघा.

आतापर्यंतच्या फेऱ्या अकरा. पहिलीनंतर तीन स्पोक अर्धा फेरा ढिले निघाले, ते ठीक केले. नवीन चाकात असं होतंच, पहिल्या फेरीनंतर चाबी लावायला विसरू नका. चौथ्या फेरीत त्याच गाडवाटेवर, त्याच दगडावर मुद्दाम गेलो. आवाज आला, पण मऊ, रबराचा. घरी येऊन टायर काढलं, कडेवरून बोट फिरवलं. काही नाही. सातव्या फेरीत एका ओढ्याच्या उतारावर जोरात आपटलो, तिथे नखाएवढा पोचा आहे. हवा धरतो, म्हणून हात लावलेला नाही. आउट अर्धा मिलिमीटरच्या आत.

डिस्कच्या बाजूचा एक स्पोक, व्हॉल्व्हपासून पाचवा, शेजाऱ्यांपेक्षा जरा खाली वाजतो आहे. रविवारी काकांना ऐकवायला नेतो.