तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटातून आल्यावर कामावर कधी जायचं?

राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात महिना-दोन महिने एकटं राहायला निघालेले सोलापूरकर तंबू, पाणी, उंटवाला असं सगळं विचारून घेतात आणि जाता जाता हमखास विचारतात, "आल्या आल्या ड्युटीवर गेलं तर चालेल ना?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आठ दिवस मोकळे ठेवा, जमलं तर पंधरा. आणि ही रजा निघायच्या आधीच मंजूर करून घ्या.

पहिलं कारण ऊन. "वाळवंटात राहून आलायस, तुला सोलापूरचं ऊन काय करणार!" असं घरचेही म्हणतात. पण लोक तिकडे जातात हिवाळ्यात. जैसलमेरला जानेवारीत दुपारी २४-२५ अंश आणि पहाटे ७-८. तिथून परतेपर्यंत इथे मार्च सरत आलेला असतो आणि पारा ३८ च्या पुढे. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, मगच ऊन सोसतं. घरी राहिलेल्यांना फेब्रुवारीपासून थोडी थोडी सवय झालेली असते, तुमची पाटी कोरी. म्हणून पहिला आठवडा ११ ते ४ बाहेरची कामं नकोत.

दुसरं कारण आवाज, आणि याकडे कोणी लक्षच देत नाही. बरेच दिवस वाऱ्याशिवाय काही ऐकलं नसेल, तर कुकरची शिट्टी, टीव्ही, रिक्षाचा हॉर्न सगळं एकदमच अंगावर येतं. कुठला आवाज सोडून द्यायचा, ही सवयच मोडलेली असते. त्यामुळे नवी पेठेत किंवा पार्क चौकात पहिले तीन-चार दिवस गाडी चालवू नका, मागे बसा. भेटायला येणाऱ्यांना पुढच्या रविवारनंतर बोलवा आणि हे आईने किंवा बायकोने आधीच फोनवर सांगून ठेवावं. दारात आलेल्या मावशीला परत पाठवणं आपल्याकडे कोणाला जमत नाही. चिडचिड होणारच, ती बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही झोप लागत नसेल, माणसं नकोशीच वाटत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

पोटाचं थोडक्यात: महिनाभर खिचडीवर काढल्यावर पहिल्याच रात्री मटणाचा रस्सा नको. ताक-भात, मग भाकरी, शेंगा चटणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

सामान घरात नेऊ नका, आधी गच्चीवर न्या. बूट, पिशव्या उलट्या करून झटका, विंचू असू शकतो. तंबू लगेच धुवायची घाई करू नका. वाळूतली बारीक धूळ ओली झाली की तिचा चिखल शिवणीत बसतो. तंबू वाऱ्यावर उभा करा, आतून बाहेर झाडा, चेनचे दाते जुन्या टूथब्रशने कोरडेच घासा आणि धुणं शेवटी. रोज पाणी न येणाऱ्या गावात हे सोयीचंही आहे. चेन अडकते म्हणून तेल सोडणारे पुष्कळ. तेलाला वाळू चिकटते आणि महिन्याभरात दाते झिजतात. मेणबत्ती घासा, पुरते. स्टोव्हला पिन मारण्याआधी बर्नर सोडवून सायकलच्या पंपाने हवा मारा, नाहीतर कण आणखी आत जातो.

तब्येतीचं मात्र वर्षभर लक्षात ठेवा. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याबरोबर त्या भागात डासही वाढले. १९९४ साली पश्चिम राजस्थानात मलेरियाची मोठी साथ आली होती. मलेरियाचा व्हायवॅक्स हा प्रकार यकृतात दडून काही महिन्यांनीही उलटतो. म्हणून थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्या. बिकानेरकडे राहिला असाल तर आणखी एक: वाळूमाशी चावून तिथे त्वचेचा लिशमनियासिस होतो. चेहऱ्यावर किंवा हातापायावर बारीक पुळी येते, दुखत नाही, हळूहळू कडा उचललेली जखम होते आणि नेहमीच्या मलमाने बरी होत नाही. चाव्यानंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी ती दिसते, तोवर प्रवास विसरलेला असतो. कुठे आणि किती दिवस राहिलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्याशिवाय सोलापुरात बसलेल्या माणसाच्या मनात बिकानेर येणार कसं?