किमी १४/२००: तिसऱ्यांदा तोच खड्डा

जुलैचा दुसरा आठवडा. रात्रभर पाऊस लागून होता. सकाळी सातला आमच्या बांधकाम खात्यातल्या उपअभियंता साहेबांचा फोन आला, "चौदा-दोनशेला पुन्हा खड्डा. रात्री दोन दुचाकीवाले घसरले. ठेकेदाराला बरोबर घेऊनच जा."

चौदाव्या किलोमीटरच्या हिरव्या माथ्याच्या दगडापासून २०० मीटर पुढे, राज्य महामार्गावर. जूनपासून त्याच जागी हा तिसरा. रस्त्याचं नूतनीकरण दीड वर्षापूर्वी झालेलं, दोषदायित्व कालावधी ३ वर्षांचा. म्हणजे खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा. दोनदा त्याने तो बुजवलाही होता, आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत भराव निघून गेला होता.

पोहोचल्यावर आधी वाहतूक एका बाजूने वळवली. दोन्हीकडे शंकू लावले, शंभर मीटर अलीकडे लाल झेंडा घेऊन मैलकामगार उभा केला. मग मोजमाप: १.२ मीटर लांब, ०.८ मीटर रुंद, ८ सेंटिमीटर खोल. वरचं २० मिमी डांबरी कार्पेट आणि त्याखालचा ५० मिमी बीएमचा (बिटुमिनस मॅकॅडम, डांबर-खडीचा) थर, दोन्ही संपून खड्डा खडीकरणाला, म्हणजे डांबराखालच्या दाबलेल्या खडीच्या थराला, लागला होता. खड्डा भोवतालच्या पाण्याने भरलेला असणार हे गृहीतच होतं. पण पाऊस थांबून तासभर झाला होता, सगळा रस्ता निथळला होता आणि खड्ड्यात मात्र पाणी वाढत होतं. बादलीने उपसलं, तर दहा मिनिटांत पुन्हा चार बोटं चढलं. वरून थेंब नाही. पाणी खालून येत होतं.

ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "साहेब, डांबर कमी पडलं असं आमच्यावर लिहू नका." ती शंका माझ्याही मनात होती, म्हणून छिन्नीने खड्ड्याची कड तोडून ढेकूळ हातात घेतलं. वरच्या बाजूची खडी काळी, डांबर चिकट. खालच्या बाजूची खडी धुतल्यासारखी राखाडी. डांबर मुळातच कमी असतं किंवा माल तयार करताना प्लँटवर जळालेलं असतं, तर थर वरपासूनच कोरडा दिसला असता आणि खडी वरून निसटत गेली असती. इथे डांबर तळाकडून सुटलं होतं. साचलेल्या पाण्यावरून ट्रक जातो तेव्हा चाकाच्या दाबाने ते पाणी थरात घुसतं, चाक पुढे गेलं की बाहेर ओढलं जातं. येता-जाता खडीवरचं डांबराचं आवरण सोलत नेतं. खड्ड्याभोवती सांडलेला पांढुरका गाळ त्याचीच खूण होती. खालच्या थरातली बारीक माती पाण्याबरोबर वर फेकली जात होती.

मग तीन मीटरची सरळपट्टी आणि पाणसळ घेऊन साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी, तपासली. डांबरी भागाचा उतार ठीक होता. साइडपट्टीला त्याहून अर्धा टक्का तरी जास्त उतार हवा आणि तो बाहेर गटाराकडे हवा. इथे साइडपट्टीच डांबराच्या कडेपेक्षा ७ सेंटिमीटर उंच होती, वर गवत. कारण विचारलं तर आमच्याच मुकादमाने सांगितलं, "मागल्या वर्षी गटार काढलं, तेव्हा गाळ हितंच पट्टीवर टाकला होता." गटारसफाई झाल्याची नोंद दप्तरी आहे, मापंही आहेत, पण गाळ उचलून नेल्याची नाही. ही चूक ठेकेदाराची नव्हती, आमची होती.

साइडपट्टीत डांबराच्या कडेपासून गटारापर्यंत ३० सेंटिमीटर रुंदीची चर खणायला सांगितलं, खोली खडीकरणाच्या तळापर्यंत. कुदळीने शेवटचा मातीचा पडदा फोडला आणि रस्त्याच्या पोटातून पाणी वाहू लागलं. राखाडी, गार, मनगटाएवढी धार. चाळीस मिनिटं ती थांबली नाही. त्या लांबीत तळाची जमीन काळी मातीची, पाणी खाली मुरू देत नाही. खडीकरणाचा थर त्या मातीत हौदासारखा बसलेला, वरून डांबराचं झाकण आणि बाजूला उंच साइडपट्टीची भिंत. अशा हौदावर कितीही चांगलं डांबर ओता, ते सुटणारच. भिजलेल्या काळ्या मातीची सीबीआर (जमिनीची भार पेलण्याची ताकद दाखवणारं माप) दोन-तीन टक्क्यांवर येते, ट्रकचं ओझं ती पेलत नाही.

आता हौदात पाणी येतं कुठून? चढाच्या बाजूने गटार धरून चालत गेलो. १४० मीटरवर गटार संपलंच होतं. शेतात ट्रॅक्टर न्यायला कुणीतरी मुरूम टाकून ५ मीटरचा पोहोचरस्ता केला होता, खाली पाइप नाही. वरचं सगळं पाणी तिथे अडून साइडपट्टीला टेकलेलं. त्याच्या पलीकडची ९०० मिमी ह्यूम (काँक्रीटच्या) पाइपची मोरी पाऊणभर गाळाने भरलेली.

शेतकरी काका बांधावरच होते. पोहोचरस्ता काढायचा म्हटल्यावर चिडले. "साहेब, ट्रॅक्टर कुठनं नेऊ? चार वर्सं तुमच्या हापिसात पाइप मागतोय." त्यांचं खरं होतं, परवानगीचा अर्ज शाखेच्या आवक नोंदवहीत सापडला. अशा जागी पोहोचरस्ता उखडून निघून गेलं, तर आठ दिवसांत पुन्हा मुरूम पडतो. म्हणून त्यांना म्हटलं, "काका, तुमची वाट बंद नाही करत. खाली पाइप टाकून वर पूर्ववत करून देतो." ४५० मिमी व्यासाचे अडीच मीटरचे दोन पाइप मोरीदुरुस्तीच्या साठ्यात पडून होते. जेसीबीने दुपारी दोनपर्यंत गाळ उपसून मोरी मोकळी केली, पाइप गटाराच्या तळाच्या उतारात बसवले. तळाच्या वर चार बोटं बसले तरी पाणी मागे साचतं, म्हणून पातळी दोनदा पाहिली. या वेळी गाळ ट्रॅक्टरने लांब नेऊन टाकला.

खड्डा सर्वांत शेवटी भरला. हॉटमिक्स प्लँट पावसाळ्यात बंद, आणि चालू असता तरी ओल्या जागी गरम माल टिकत नाही. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल निदान १४० अंशांवर पसरायचा आणि ९० अंशांखाली जाण्याआधी दाबून व्हायचा असतो. म्हणून पिशवीतला तयार कोल्डमिक्स, गरम न करता वापरायचा डांबर-खडीचा माल. कडा छिन्नीने सरळ, उभ्या चौकोनात कापल्या. गोल, उतरत्या कडांवर माल पातळ होतो आणि तिथूनच उचलला जातो. सुटी खडी काढली, फडक्याने टिपलं, तळाला आणि कडांना ब्रशने इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) लावून ते काळं पडू दिलं. माल दोन थरांत भरून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबला, वरचा थर किंचित उंच ठेवला, कारण वाहतुकीने तो बसतो. २५ किलोच्या सात पिशव्या लागल्या. मागच्या दोन वेळी चारच वापरल्याचं सुपरवायझरने कबूल केलं, आणि तळातलं पाणी न काढता.

खरी अडचण कागदावर. देखभालीचा खर्च ३०५४ या लेखाशीर्षाखाली (सरकारी खर्चाच्या खात्याखाली), नव्या बांधणीचा ५०५४ खाली. दोषदायित्वातला रस्ता म्हटला की देखभालीच्या आराखड्यातून ती लांबीच वगळली जाते, "ठेकेदार बघेल" म्हणून. पण ठेकेदाराच्या निविदेत डांबरी थर आहेत, गटार नाही, साइडपट्टी नाही. त्यामुळे तीन वर्षं त्या लांबीतल्या पाण्याला कुणी वाली नसतो. २०१७ साली राज्यातले रस्ते १५ डिसेंबरपर्यंत खड्डेमुक्त करायची मुदत जाहीर झाली, तेव्हाही आम्ही रोज खड्डे मोजून वर कळवत होतो. तुंबलेल्या मोऱ्यांसाठी तसा रोजचा तक्ता नव्हता. मला तो असायला हवा असं ठामपणे वाटतं, कारण मोरी मे महिन्यात कोरडी असताना साफ होते, खड्डा मात्र भर पावसात भरावा लागतो.

संध्याकाळी दोन पत्रं केली. ठेकेदाराला नोटीस: पावसाळ्यानंतर १४/१९० ते १४/२१० ही २० मीटर लांबी खडीकरणापर्यंत उखडून स्वखर्चाने पुन्हा करावी, भरावात माल कमी वापरल्याच्या उल्लेखासह. दुसरं उपविभागाला: १४० मीटर गटार, त्याच लांबीत साइडपट्टी १५ सेंटिमीटर छाटून उतारात घेणं, दर १० मीटरवर खडी भरलेली निचरा चर. अंदाजपत्रकासोबत धुतलेल्या खडीचं ते ढेकूळ पिशवीत घालून पाठवलं. साहेबांनी फोन करून एवढंच विचारलं, "दोषदायित्वात असलेल्या आणखी किती लांब्यांत असंच आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या किलोमीटरपासून गटार बघत निघालो.