हुसैनीवाला: बारा गावं देऊन परत घेतलेली समाधी

पंजाबात येणारे आपले बहुतेक लोक अमृतसर बघतात, अटारीची परेड बघतात आणि गाडी पकडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, एक दिवस जास्त काढा आणि फिरोजपूरला या. तिथून अकरा-एक किलोमीटरवर, सतलजच्या काठी हुसैनीवाल्याला, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंची समाधी आहे. मी महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर रिक्षावाल्या सरदारजींनी लगेच विचारलं, "राजगुरूजी के गाँव से?"

२३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरूंना फाशी दिल्यावर इंग्रजांनी त्यांचे देह गुपचूप इथे आणून रातोरात जाळले. तेव्हा इथे सरहद्द नव्हती. नदीच्या अलीकडे फिरोजपूर जिल्हा, पलीकडे लाहोर जिल्हा, एवढंच.

सरहद्द आली १९४७ मध्ये, आणि तीही डगमगत. ८ ऑगस्टला व्हाइसरॉयच्या कचेरीतून लाहोरला गेलेल्या पत्रात फिरोजपूर आणि झिरा या मुस्लिमबहुल तहसिली पाकिस्तानात दाखवल्या होत्या. १७ ऑगस्टला फाळणीची रेषा आखणाऱ्या रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला, तेव्हा त्या भारतात होत्या! व्हाइसरॉय माउंटबॅटनच्या दबावामुळे रेषा बदलली, असं रॅडक्लिफचे सचिव ख्रिस्तोफर ब्यूमाँट यांनी पुढे सांगितलं. पाकिस्तानात हा राग अजून आहे. कोणी फिरोजपूरच्या शस्त्रागाराकडे बोट दाखवतं, कोणी बिकानेरच्या महाराजांकडे, कारण त्यांच्या वाळवंटाला पाणी देणारा गंग कालवा इथूनच निघतो. इथला बंधारा आणि त्यातून फुटणारे कालवे बघितल्यावर मला तरी पाण्याचं कारणच पटतं. पलीकडचा दिपालपूर कालवाही याच पाण्यावर होता, आणि १ एप्रिल १९४८ ला भारताने तो बंद केल्यावर भांडण थेट सिंधू पाणीवाटप करारापर्यंत गेलं.

एवढं होऊनही समाधीची जागा पाकिस्तानात गेली होती. ज्यांनी हा देश स्वतंत्र व्हावा म्हणून जीव दिला, त्यांच्या राखेची जागा तेरा वर्षं परदेशात! १७ जानेवारी १९६१ ला भारताने ती परत मिळवली. बदल्यात फाझिल्काकडची, सुलेमानकी बंधाऱ्याजवळची बारा गावं दिली. सौदा योग्यच होता असं मी मानतो. पण त्या बारा गावांत नांगर धरणाऱ्यांना कोणी विचारलं असेल का, हा प्रश्न समाधीसमोर उभा असताना डोक्यातून जात नाही.

१९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानी फौजेने हा भाग घेतला. हुतात्म्यांचे पुतळे तेव्हाच नेले गेले. सिमला करारानंतर जमीन परत आली आणि १९७३ मध्ये स्मारक पुन्हा उभं राहिलं. भगतसिंगांबरोबर दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकणाऱ्या बटुकेश्वर दत्त यांच्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे १९६५ मध्ये इथेच अंत्यसंस्कार झाले. भगतसिंगांच्या आई विद्यावतींवरही इथेच झाले.

संध्याकाळची परेड जरूर बघा. पलीकडे पाकिस्तानातलं गंडासिंगवाला. इथे गर्दी अटारीपेक्षा कमी आणि दोन्हीकडचे प्रेक्षक इतके जवळ, की समोरच्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात.

जमल्यास २३ मार्चच्या शहीदी मेळ्याला या. त्या दिवशी फिरोजपूरहून हुसैनीवाल्यापर्यंत खास रेल्वेगाड्या सोडतात. पूर्वी हाच लोहमार्ग कसूरवरून लाहोरला जायचा.